भिगवणच्या होडीवाल्या मामांना, उजनीचा तळ दाखवल्याबद्दल

मामा, सप्रेम नमस्कार.

सुट्टीला पुण्याहून आलेल्या आम्हा गळवाल्यांना, म्हणजे गळाने मासे धरणाऱ्यांना, तुम्ही उजनी धरणाचा तळ समजावून दिलात, त्याबद्दल हे जाहीर आभार. रॉड, रील, तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) दुकानात मिळतं. अनोळखी धरणात शिंगटा मासा कुठे बसला असेल, हे जाणत्यानेच सांगावं लागतं, आणि तुम्ही ते हातचं न राखता सांगितलंत. तुमच्याच परवानगीने ते इथे लिहितोय, म्हणजे पुढच्या नवख्याच्याही कामी येईल.

उजनी ११७ टीएमसीचं धरण, त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा. म्हणजे त्यावरचं वापराचं पाणी संपून बातम्यांत धरण 'मायनस'मध्ये गेलं तरी पाणी बरंच असतं, फक्त मासा जागा बदलतो. पाण्याखाली शेतं, बांध, जुने रस्ते, बाभळी आहेत आणि या सगळ्याच्या मधून भीमेचं जुनं पात्र गेलंय. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की शिंगटा त्या पात्राच्या कडेला उतरतो. जुलैत दौंडकडून धरणात येणारा विसर्ग वाढला, पाणी गढूळ होऊन चढू लागलं, की तोच मासा नव्याने बुडालेल्या काठाकडे चरायला येतो. तेव्हा कमरेएवढ्या पाण्यातही गळ टाकावा. खोल पाणी म्हणजे मोठा मासा, हा हिशेब तेव्हा चालत नाही.

पात्राची कड शोधायची तुमची रीत सगळ्यात मोलाची. तंगुसाला ६० ग्रॅमचं शिसं, दर मीटरला एक गाठ, आणि शिशाच्या बुडाला ओल्या साबणाचा लेप. काठापासून आत जाताना दहा-दहा पावलांच्या अंतराने शिसं सोडायचं आणि गाठी मोजायच्या. खोली एकदम दोन-तीन मीटरने वाढली की कड आली. मग साबण बघायचा. काळा, बुळबुळीत गाळ चिकटला असेल तर पुढे सरकायचं. वाळूचे कण रुतलेले दिसले, किंवा साबणावर दगडाचे ओरखडे उठले, तर होडी तिथेच थांबवायची. गाळात आमिष बुडतं आणि माशाला ते सापडत नाही. कडक तळ आणि शेजारी खोल पाणी, अशी जागा शिंगट्याची.

गळ-शिशाची जुळणीही तुम्हीच बदलून दिलीत. मुख्य तंगूस ०.४० मिमी. त्यावर सरकणारं ३० ते ४० ग्रॅमचं चपटं शिसं, कारण गोल शिसं उतारावरून घरंगळतं. मग मणी, स्विव्हल (दोऱ्याला पीळ पडू न देणारी फिरती कडी) आणि पुढे ०.५० मिमीचा अर्धा मीटर दोरा. गळ सर्कलचा, म्हणजे आत वळलेल्या टोकाचा, माप ३/० किंवा ४/०. गळापासून चार बोटं अलीकडे थर्माकोलचा बोराएवढा गोळा, म्हणजे आमिष तळापासून जरा वर राहतं. बाभळीच्या जागी शिसं मुख्य तंगुसावर न ठेवता ०.२५ मिमीच्या कच्च्या दोऱ्याने स्विव्हलला लटकवायचं. अडकलं तर शिसं जातं, मासा जात नाही.

गांडूळ लावलं की चिलापी मासळी टोचून टोचून गळ मोकळा करते. म्हणून ताज्या चिलापीचीच कातडीसकट पट्टी, दोन बोटं रुंद आणि बोटभर लांब. गळ पट्टीच्या एका टोकाला कातडीतून एकदाच आरपार घालायचा आणि टोक पूर्ण उघडं ठेवायचं. पट्टी गुंडाळून टोक झाकलं की चावा वाया गेलाच म्हणून समजा. दुसरी चूक झटका मारण्याची. सर्कल गळ झटक्याने तोंडातून निसटतो. रॉड वाकून तसाच राहिला की सावकाश रील फिरवायची, गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो.

वेळ सूर्यास्तापासून रात्री दहापर्यंत. उन्हाळ्यात हिरव्या शेवाळी पाण्यातला प्राणवायू पहाटे सगळ्यात कमी असतो, तेव्हा मासा मंद होतो. त्या हिरवेपणात आमच्या पुण्याच्या सांडपाण्याचा मोठा वाटा आहे, याची आम्हाला मनापासून खंत आहे.

शिंगट्याच्या पाठीवरचा एक आणि कल्ल्यांमागचे दोन काटे करवतीसारखे. मासा पोटाखालून, या काट्यांच्या मागे धरायचा. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास हात बुडवायचा. टोक आत मोडलं तर थेट डॉक्टर. शिंगटा तळाला खड्डा करून पिल्लं राखतो, म्हणून मोठा मासा सोडून द्या म्हणालात, ते पटलं आणि पाळतोय. सकर मासा मात्र परत पाण्यात सोडायचा नाही, तो उजनीचा नव्हे.

आणि वारा. वळवाचे ढग पश्चिमेला दिसले की होडी काठाला, मग मासा लागलेला असो वा नसो. २१ मे २०२४ ला कळाशी-कुगावच्या दरम्यान वादळात होडी उलटून सहा जण बुडाले. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय तुम्ही आम्हाला होडीत पाय ठेवू दिला नाहीत, त्याचे आभार सगळ्यात आधी मानायला हवे होते.

मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात परवानगीची चौकशी करूनच यायचं, हेही इतरांना सांगतो आहोत. दिवाळीनंतर येऊ तेव्हा तुमच्यासाठी ४० ग्रॅमची चपटी शिसं आणि दोन नवी जॅकेटं घेऊन येतो. मामींना नमस्कार सांगा.

लोभ असावा.

तुमचे,
पुण्याचे गळवाले