खुकरीवरच्या माझ्या दादासाठी तुम्ही जे केलंत

आदरणीय भाऊ,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव कुठे लिहायचं नाही, असं तुम्ही निघताना बजावून गेलात, म्हणून लिहीत नाही. आभार मात्र चारचौघांत मानणार आहे. आमच्या आईला इतकी वर्षं ज्यांनी दारातून परत पाठवलं, त्यांनीही ते चारचौघांतच केलं होतं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. माझा दादा नौदलाच्या आयएनएस खुकरी या युद्धनौकेवर होता. वय वीस, काम इंजिन रूममध्ये. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री, पावणेनऊच्या सुमाराला, दीवसमोरच्या समुद्रात पाकिस्तानच्या हंगोर या पाणबुडीने टॉर्पेडो मारला आणि काही मिनिटांत खुकरी तळाला गेली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. जे तरंगत राहिले त्यांना दुसऱ्या दिवशी आयएनएस कच्छलने पाण्यातून काढलं. त्यांत दादा नव्हता. घरी तार आली ती बेपत्ता असल्याची. पुढे पत्र आलं, त्यात मृत समजण्यात येत असल्याचं लिहिलं होतं. आईने तार देवाच्या फळीवर ठेवली आणि पत्र ट्रंकेच्या तळाशी.

कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी बोट सोडली नाही, स्वतःचं लाइफ जॅकेट एका नौसैनिकाला देऊन टाकलं, हे पुढे गावात सगळ्यांना कळलं. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. आईने ही गोष्ट ऐकली आणि मनाशी ठरवूनच टाकलं की ते जॅकेट आपल्या मुलाला मिळालं. म्हणजे तो तरंगला असणार. म्हणजे कुठल्या तरी मच्छिमारांनी त्याला उचललं असणार, किंवा तो कराचीच्या तुरुंगात असणार. बारा वर्षं झाल्यावर भटजी पालाशविधीचं, म्हणजे देह न मिळालेल्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करून करायच्या अंत्यविधीचं, सुचवायला आले, तर तिने त्यांना ओटीवरूनच चहा देऊन वाटेला लावलं. बाबा काही बोलले नाहीत. ते गेले तेही या विषयावर न बोलताच.

तुम्ही आमच्याकडे यायच्या आधी जे भेटले, त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. एका कचेरीतल्या माणसाने आईला विचारलं होतं, प्रेत मिळालं होतं का, मग पुरावा काय? ज्या बाईचा मुलगा समुद्राच्या तळाशी आहे तिला त्याने हे विचारलं, तेही मान वर न करता. एकाने लाहोरच्या तुरुंगात तुमच्या मुलाला पाहिलेला माणूस मला माहीत आहे असं सांगून आईच्या पाटल्या मोडायला लावल्या आणि पैसे घेऊन नाहीसा झाला. युद्धाला ५० वर्षं झाली तेव्हा एका समारंभाला गाडी पाठवून बोलावलं. शाल दिली, नारळ दिला, फोटो काढले, आणि व्यासपीठावरून दादाचं नाव चुकीचं वाचलं. आई जागेवरून उठून बरोबर नाव सांगत होती. तिचा आवाज तिथपर्यंत पोचला नाही, आणि पोचवावा असं शेजारच्या कुणालाही वाटलं नाही. त्या दिवसाचा राग माझ्यात अजून आहे. तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

मग तुम्ही आलात. नौदलात तुमची हयात गेली, पण खुकरी बुडाली तेव्हा तुम्ही शाळेत होतात. आमचा तुमचा नात्याचा संबंध नाही. तुम्हाला कुणीतरी सांगितलं की अशी एक म्हातारी आहे, आणि तुम्ही काखोटीला गुंडाळी मारून उन्हातून चालत आमच्या घरी आलात.

ती गुंडाळी म्हणजे आता वापरात नसलेला दीवच्या समुद्राचा जुना चार्ट. तुम्ही तो जेवणाच्या टेबलावर पसरलात, कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्यात आणि मग तो पूर्ण फिरवून आईकडे केलात. हे मी पाहिलं आणि मला तिथे बसवेना. आईला इंग्रजी येत नाही, समुद्राचे आकडे तिला कुठून कळणार? हे तुम्हालाही दिसत होतं. तरी चार्ट तिच्याकडे सुलटा आणि तुमच्याकडे उलटा. वाकून, चष्मा वर सरकवत, तुम्ही उलटी अक्षरं वाचत तिला सांगत राहिलात. हे वरती दीव. ही किनाऱ्याची रेघ. हे आकडे पाण्याच्या खोलीचे. इथून सुमारे ४० सागरी मैल बाहेर.

भाऊ, दादाबद्दलचा कुठलाही कागद आईने आजवर असा पाहिला नव्हता. फायली नेहमी टेबलाच्या पलीकडे, साहेबाकडे तोंड करून असायच्या. आपल्याच मुलाबद्दल काय लिहिलंय ते ती उलट्या बाजूने बघायची, आणि पान मिटलं की उठायची.

तुम्ही पेन्सिलीने लहानशी फुली काढलीत आणि तुमचं बोट बाजूला घेतलंत. आईने तिचं ठेवलं. "म्हणजे इथंच आहे तो?" तुम्ही म्हणालात, "खुकरी इथेच आहे, आई." मग तिने जॅकेटचं विचारलं. आम्ही घरातल्यांनी तो विषय कधी काढला नव्हता, आमची छाती नव्हती. तुम्ही खोटं बोलला नाहीत. म्हणालात, "जॅकेट कुणाला मिळालं ते मला माहीत नाही. पण खाली इंजिन रूममध्ये जे होते त्यांना वर यायला वेळच मिळाला नसणार."

आई म्हणाली, "मग रात्रभर एकटा पोहत नव्हता ना तो?"

"नसणार, आई."

ती थंडीतल्या पाण्यात त्याला पोहताना बघत होती, इतकी वर्षं. मी तिच्या शेजारी झोपते आणि मला हे माहीत नव्हतं. धीर देणारे आम्हाला पुष्कळ भेटले. तो अमर आहे म्हणाले, देशाचा सुपुत्र आहे म्हणाले. तिला काय सलतंय ते तिच्या तोंडून बाहेर पडेपर्यंत बसून राहणारे तुम्ही पहिले.

सभ्यपणा शिकवता येतो का, मला कळत नाही. तार घेऊन आलेला पोस्टमन आठवतो. पुढची टपाल वाटायची सोडून तो बाबांजवळ अंगणात बसून राहिला होता. मुल्लासाहेबांनी जॅकेट काढून दिलं तेव्हा समोरच्याचा हुद्दा विचारला नसेल. आणि तुम्ही तो चार्ट फिरवलात. मला ही सगळी माणसं एका रक्ताची वाटतात. ज्यांना खुर्ची मिळाली आहे त्यांना हे का जमत नाही, याचं उत्तर मात्र मला सापडलेलं नाही. त्याला पैसा लागत नाही, आदेश लागत नाही, वरची सही लागत नाही.

तुम्ही गेल्यानंतरचं सांगायचं राहिलं. यंदा पितृपक्षात चतुर्दशीला, शस्त्राने गेलेल्यांच्या तिथीला, आईने दादाचं पान वाढायला सांगितलं. स्वतः सांगितलं. मुगाचे लाडू त्याला आवडायचे, ते तिने मला शेजारी बसून वळायला लावले आणि मोठे झाले म्हणून रागावलीसुद्धा. देवाच्या फळीवरची तार तिने उतरवली आणि पत्राबरोबर ट्रंकेत ठेवली.

तिला दीवला जायचं आहे, पण डॉक्टर एवढ्या प्रवासाला नाही म्हणतात. तेव्हा डिसेंबरमध्ये मी आणि माझा मुलगा जातो आहोत. टेकडीवरचं खुकरीचं स्मारक बघायचं आहे. खुकरीचंच नाव मिळालेली दुसरी युद्धनौका २०२१ मध्ये निवृत्त झाली आणि पुढच्या वर्षी दीवला दिली गेली, तीही बघायची आहे. किनाऱ्यावर नेमकं कुठे उभं राहिलं म्हणजे आपलं तोंड त्या फुलीकडे होतं, ते आईने तुम्हाला विचारायला सांगितलंय. पत्राने कळवलंत तरी चालेल. पण जमत असेल तर तुम्हीच आमच्याबरोबर चला, वहिनींनाही घेऊन या. तिकिटं आम्ही काढतो.

तुमची कृतज्ञ,
खुकरीवरच्या एका नौसैनिकाची बहीण