विक्रोळीच्या काकांना, दोन घंट्यांबद्दल

ती. स्व. काकांना सा. न.

तुम्ही मला गाडी शिकवलीत, त्याबद्दलचं हे सगळं घरी येऊन तोंडानेच सांगायचं ठरवलं होतं. दोनदा आलेही. दोन्ही वेळा तुम्ही "बरं बरं, चहा घे" म्हणालात आणि विषय कांद्याच्या भावावर नेलात. म्हणून आता लिहूनच काढते, आणि उघड लिहिते, म्हणजे तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही. शिवाय यंदा आपल्या कन्नमवार नगरातून तीन मुलं शिकायला अमेरिकेला निघालीत. त्यांची आई-वडिलांसकट माझ्याकडे रोज चौकशी चालू असते, तर त्यांचंही काम होईल.

2023 च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेहून प्रवेशाचं पत्र आलं, तेव्हा तिथल्या एका सीनियरने सामानाची यादी पाठवली होती. कुकर, गोडा मसाला, चष्म्याचे दोन जोड, आणि सगळ्यात शेवटी: गाडी शिकून आणि लायसन्स काढूनच ये, इथल्या क्लासचे तासाचे दर ऐकून भोवळ येईल. आमच्या घरात 'गाडी' या शब्दाचा अर्थ आजतागायत लोकल असाच आहे. बाबांनी सायकलच्या पुढे काही चालवलेलं नाही. मी आपले सरळ एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये पैसे भरले. एकवीस दिवसांचा कोर्स. शिकवणाऱ्याच्या पायाखाली त्याचा स्वतःचा क्लच आणि ब्रेक होता, आणि तो दोन्ही मन लावून वापरायचा. दहाव्या दिवशी मला वाटायला लागलं की आपल्याला गाडी येते. नेमके त्याच दिवशी तुम्ही गेटपाशी दुधाची पिशवी घेऊन उभे होतात.

"आत्ता गाडी थांबली, तेव्हा क्लच कोणी दाबला?"

मी उत्तर दिलं नाही. कारण मला खरंच माहीत नव्हतं.

"उद्या साडेपाचला खाली ये," तुम्ही म्हणालात. "चप्पल घालून येऊ नकोस."

एकतीस वर्षं बेस्टची बस चालवलेला माणूस पहिल्या दिवशी चावी तरी हातात देईल असं मला वाटलं होतं. तुम्ही मागितलात पासपोर्ट. स्कूलवाल्यांनी आधार कार्डावरून काढून दिलेलं माझं शिकाऊ लायसन्स त्याच्याशेजारी ठेवलंत, चष्मा कपाळावर चढवलात आणि अक्षर अक्षर बोटाने जुळवत गेलात. आडनावात इंग्रजी 'ए' एक कमी. आधारवर कमी, म्हणून लायसन्सवरही कमी. "तिकडे गेल्यावर कागद आपापसात भांडतील आणि मधे तू उभी राहशील," असं म्हणून तुम्ही मला आधी आधार दुरुस्त करायला पिटाळलंत. मग नवा अर्ज, शिकाऊ लायसन्सचे 150 आणि परीक्षेचे 50, म्हणजे 200 रुपये पुन्हा आणि बारा दिवस गेले. मी किती कुरकुर केली होती ते काकूंना विचारा. पुढे तिकडे एका मुलाची फाइल फक्त नावाच्या घोळामुळे अडकलेली पाहिली आणि मुकाट्याने विक्रोळीच्या दिशेने हात जोडले.

शिकाऊ लायसन्सची परीक्षा महाराष्ट्रात 2021 पासून आधारच्या आधारावर घरबसल्या देता येते, हे मी तुम्हाला मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. "घरी बसून? पोहायलाही घरीच शिक मग," एवढंच तुम्ही म्हणालात. पण परीक्षा चालू होती तोवर आमच्या दाराबाहेर जिन्यात बसून राहिलात, दोन वेळा दहा मिनिटं.

मग पाटी. बाजारात चिकटवायचा 'एल' दहा रुपयांना मिळतो. तुम्हाला तो चालला नाही. पांढरा चौकोन 18 सेंटीमीटरचा, आतलं लाल अक्षर निदान 10 सेंटीमीटर उंच, रेघ 2 सेंटीमीटर जाड. माझ्या शाळेतल्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन आपण दोघांनी पुठ्ठ्यावर ते आखलं, पुढची एक आणि मागची एक. एकीवर लाल रंग जरा ओघळला, तर तुम्ही ती परत करायला लावलीत. तुमच्या त्या बदामी मारुती 800 ला ए.सी. नव्हता, डाव्या खिडकीची काच हाताने ओढून वर घ्यावी लागायची, पण पाट्या मात्र नियमाप्रमाणे होत्या.

शिकवलंत काय? पहिले चार दिवस फक्त थांबायला. खाडीकडच्या मोकळ्या रस्त्यावर पन्नास पावलं जायचं आणि थांबायचं. "चालवता सगळ्यांना येते," म्हणायचात. थांबले की तुम्ही डाव्या सीटवरून काल्पनिक माणसं उतरवायचात. एक आजी उतरल्या. त्यांची पिशवी उतरली. शाळेतला मुलगा उतरला, त्याची बाटली वर राहिली, तो परत चढला. हे सगळं होईपर्यंत गाडी तसूभरही हलली तर तुम्ही आजी पडल्या असं जाहीर करायचात. आणि मी पहिला गियर टाकून बसलेली असले तरी तुमच्या तोंडून "टिंग टिंग" आल्याशिवाय निघायचं नाही. कंडक्टरची एक घंटा थांबायची, दोन घंटा निघायच्या. माझ्या आजीवयाच्या किती बायका त्या महिन्यात माझ्या हातून पडल्या असतील याचा हिशेब नाही.

चढावरची हाफ क्लच तर काड्यापेटीने शिकवलीत. जेव्हीएलआरच्या, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या, चढाला गाडी कडेला घ्यायची, तुम्ही खाली उतरून मागच्या चाकाला टेकवून एक रिकामी काड्यापेटी ठेवायचात. निघताना गाडी मागे सरकली तर पेटी चपटी. सहा पेट्या गेल्या. सातवी अख्खी राहिली, ती अजून माझ्याकडे आहे. पैसे तुम्ही घेतले नाहीत, पण पेट्रोलचे मात्र वहीत लिहून रुपया रुपया घेतलेत, आणि त्या वहीत शेवटी काड्यापेट्यांचाही खर्च निघाला.

हाताचे इशारे शिकवलेत तेव्हा मात्र मी हसले होते. इंडिकेटर असताना खिडकीबाहेर हात कोण काढतं? तुम्ही म्हणालात, दिवा जातो, हात जात नाही. ते इशारे कॅलिफोर्नियात मला परीक्षेला आले, काका. तिथे गाडी जागेवरून हलायच्या आधी परीक्षक काचा, ब्रेकचे दिवे, वायपर बघतो आणि मग हाताने डावं, उजवं, थांबणं करून दाखवायला सांगतो. गंमत अशी की आपल्याकडे कोपरातून हात सरळ वर म्हणजे मी थांबतोय. तिकडे डावा हात तसाच वर केला तर त्याचा अर्थ मी उजवीकडे वळतोय, आणि थांबायचं असेल तर हात खाली. सराव करताना मी तुमच्या पद्धतीने थांबत होते आणि बाजूला बसलेली मैत्रीण विचारत होती, उजवीकडे कुठे चाललीस, भिंत आहे.

वडाळ्याच्या आरटीओतली परीक्षा तुमच्या मानाने किरकोळच होती. शिकाऊ लायसन्सला 30 दिवस झाल्यावर तारीख घेतली, आठ काढला, रिव्हर्स घेतली, झालं. मधल्या काळात एका एजंटने बाबांना "मुलीला यायची पण गरज नाही" असं सांगितलं होतं. बाबा थोडे पाघळलेही होते. तुम्ही फक्त विचारलंत, "अमेरिकेत पण हाच येणार आहे का?"

व्हिसाचा शिक्का बसल्यावर आंतरराष्ट्रीय परवाना. निघणाऱ्या मुलांनी हे नीट वाचावं: आपलं पक्कं लायसन्स, पासपोर्ट, व्हिसा आणि 1000 रुपये फी. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. हा परवाना 1949 च्या जिनिव्हा करारातून आलेला आहे आणि त्याला एकट्याला काही किंमत नाही, सोबत मूळ लायसन्स लागतंच. तुम्ही ते एका वाक्यात सांगितलं होतं, की हे लायसन्स नव्हे, लायसन्सचं भाषांतर आहे. खरं सांगायचं तर मी ते दोन वर्षांत एकदाच कोणाला दाखवलं. कॅलिफोर्निया त्याला लायसन्स मानतच नाही, आणि आपलं कार्ड तसंही इंग्रजीत असतं. इतर राज्यांचे नियम वेगळे आहेत, आपापल्या राज्याचं बघून घ्या.

तिकडे पोचल्या पोचल्या डीएमव्हीकडे, म्हणजे तिथल्या आरटीओकडे, धावू नका, हेही सांगते. कॉलेजने सेव्हिसमध्ये, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी यादीत, तुमची नोंद पक्की करावी लागते आणि विमानतळावरची आय-94 ची, म्हणजे देशात आल्याची, नोंद त्यांच्या यंत्रणेत दिसायला लागते. दहाएक दिवस थांबलेलं बरं. न्यायचं काय? पासपोर्ट, व्हिसा, आय-20 (कॉलेजने दिलेला प्रवेशाचा कागद), आय-94 आणि राहत्या पत्त्याचे दोन पुरावे. सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी कॅलिफोर्नियात अर्ज अडत नाही, आणि नोकरी नसलेल्या विद्यार्थ्याला तो नंबर मिळतही नाही, त्यामुळे त्यासाठी रडत बसू नये. लेखी परीक्षेत 36 प्रश्न, 30 बरोबर यावे लागतात. ती मी सहज पास झाले. प्रत्यक्ष परीक्षेला गाडी आपणच आणायची, तिच्या विम्याच्या कागदासकट, आणि आपलं लायसन्स परदेशी असल्यामुळे सोबत एक लायसन्सवाला माणूस. सीनियरने स्वतःची कोरोला दिली आणि स्वतःही आला.

आणि मी नापास झाले.

दहाव्या मिनिटाला. रिकाम्या गल्लीत 'स्टॉप'ची लाल पाटी होती, चारही बाजूंना चिटपाखरू नव्हतं. मी वेग अगदी कमी केला, दोन्हीकडे बघितलं आणि उजवीकडे वळले. तिथे राहून सगळे तसंच करतात हे बघत होते, त्यांचंच वळण मला लागलं होतं. बाकी चुका पंधरापर्यंत माफ असतात, पण ही एकच पुरते. परीक्षकाने शांतपणे कागदावर खूण केली आणि गाडी परत घ्यायला सांगितली.

तुम्हाला फोन लावला तेव्हा विक्रोळीत रात्रीचे अकरा वाजून गेले होते. आईबाबांना नाही, तुम्हाला लावला. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "चाक थांबलं होतं, की नुसतं दमलं होतं?"

मी म्हटलं, दमलं होतं.

"मग आजी पडल्या," तुम्ही म्हणालात. "झोप आता." माझ्याकडे सकाळचे साडेनऊ वाजले होते.

तीन आठवड्यांनी परत गेले. गल्ली तीच निघाली नाही, पण पाटी तशीच होती. पांढऱ्या रेघेच्या अलीकडे गाडी उभी केली. आजी उतरल्या, पिशवी उतरली. मुलाला बाटलीसाठी परत चढू दिलं नाही, तेवढा वेळ परीक्षकाने दिला नसता. मग मी तोंडातल्या तोंडात "टिंग टिंग" म्हटलं. शेजारी बसलेल्या परीक्षक बाईंनी कागदावरून नजर उचलून विचारलं, काही म्हणालात का? नाही म्हटलं, आणि निघाले. एकूण सहा चुका, पास. आधी कागदी लायसन्स हातात आलं, काही आठवड्यांनी टपालाने कार्ड. त्याची मुदत माझ्या आय-20 ला बांधलेली आहे, पण त्या दिवसापासून पासपोर्ट कपाटात गेला. दुकानात, बँकेत, विमानतळावर, सगळीकडे ते कार्डच दाखवते.

तुमची एकच शिकवण तिथे चालली नाही. आंधळ्या वळणावर हॉर्न द्यायचा म्हणून मी पहिल्याच आठवड्यात दिला, तर एक आजोबा झाडांना पाणी घालता घालता नळी टाकून रस्त्यावर आले. त्यांना वाटलं कोणालातरी लागलं.

गेल्या रविवारी तुम्हाला घेऊन पश्चिमेला गेले, 2025 च्या जूनमध्ये सुरू झालेल्या त्या नव्या पुलावरून. तुम्हाला पूल दाखवायचा होता आणि मला तुम्हाला गाडी दाखवायची होती. आधी मी डावं दार उघडून बसायला गेले. मग वळताना इंडिकेटरऐवजी वायपर चालू केले. तुम्ही काचेवरून घसटत जाणाऱ्या वायपरकडे बघून म्हणालात, "पाऊस नाहीये." बाकी सबंध वाटेत एक अक्षर नाही. पुलाच्या चढावर पुढची रिक्षा अचानक थांबली, मागे टेम्पो अगदी चिकटून होता, मी हाफ क्लचवर गाडी धरली, आणि तुम्ही मान वळवून मागच्या चाकाकडे बघितलंत. मला दिसलं ते.

तर काका, मनापासून आभार. चहा नको, आज मी ऐकणार नाही.

त्या तिघांपैकी एकाला उद्या साडेपाचला खाली पाठवते आहे. पासपोर्ट घेऊनच येईल. पट्टी आणि पुठ्ठा माझ्याकडचा दिलाय. बूट नाहीत म्हणाला, तर मी त्याला आज संध्याकाळी घ्यायला लावले आहेत. काकूंना सांगा, काड्यापेट्या जपून ठेवा.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची