लाइपझिगमधल्या काळ्या साडीविषयी

तीर्थरूप आई आणि बाबा यांना,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या रविवारी फोनवर बाबा नेहमीपेक्षा कमी बोलले आणि आईने दोनदा "सगळं बरं आहे ना गं?" असे विचारले, तेव्हाच माझ्या लक्षात आले की जर्मनीतल्या लाइपझिग शहरातले माझे छायाचित्र घरच्या ग्रुपवरून तुमच्यापर्यंत पोहोचले आहे. काळे ओठ, डोळ्यांभोवती दाट काजळ, अंगावर काळी साडी आणि शेजारी तोंडावर काळी जाळी ओढलेल्या अनोळखी बायका पाहून तुमच्या मनात काय काय येऊन गेले असेल, याचा अंदाज मी करू शकते. फोनवर अर्धवट सांगितले असते तर काळजी वाढली असती, म्हणून सवडीने लिहिते आहे.

या काळ्या वेशाची सुरुवात लंडनमध्ये झाली, आजी गेली त्या महिन्यात. मी तिथे कामासाठी गेले होते, रजा मिळाली नाही आणि तेराव्यालाही मला येता आले नाही. ऑफिसात सगळे चांगले वागत होते, पण दोन दिवसांनी प्रत्येक जण मला हसवू पाहत होता, आणि मला हसायचे नव्हते. एका सहकारी मुलीने शनिवारी रात्री मला इस्लिंग्टन भागातल्या स्लाइमलाइट या क्लबमध्ये नेले. एंजल स्थानकाजवळच्या गल्लीत, जुन्या कारखान्यासारख्या इमारतीत १९८७ पासून हा क्लब चालतो. वेगवेगळ्या मजल्यांवर वेगवेगळे संगीत असते आणि लोक पहाटेपर्यंत नाचतात. मला तिथले नाचणेच आधी नवल वाटले, कारण प्रत्येक जण आपल्याशीच नाचतो, दोन पावले पुढे, दोन मागे, हात हवेत कोळिष्टके बाजूला सारल्यासारखे. कोणी अंगाला खेटत नाही, कोणी 'एकटीच का' असे विचारत नाही. मी एका खांबाशी उभी राहून आजीसाठी मनसोक्त रडले. बाजूच्या उंच, टक्कल केलेल्या, पांढराफटक चेहरा रंगवलेल्या माणसाने खिशातून रुमाल काढून माझ्या हातात दिला, एक शब्दही न बोलता मान लववली आणि तो परत नाचायला गेला. तो रुमाल अजून माझ्याकडे आहे.

पहाटे तीनला निघताना मला कळले की लंडनची रात्रभर चालणारी भुयारी गाडी एंजलला थांबत नाही. रस्त्यावर दोन मद्यधुंद पुरुष मागे लागले आणि मी खरोखर घाबरले. तेव्हा क्लबमधून बाहेर पडणाऱ्या दोन मुली काही न विचारता माझ्या दोन्ही बाजूंनी चालू लागल्या आणि किंग्ज क्रॉसपर्यंत, चांगली वीस मिनिटे, मला सोडायला आल्या. त्यांच्या बुटांना लोखंडी कड्या होत्या आणि गळ्यात वटवाघळाच्या आकाराची पदके होती. आई, तू त्यांना रस्त्यात पाहिले असतेस तर बहुधा माझा हात धरून पलीकडच्या बाजूला गेली असतीस.

बाबा, या लोकांना गॉथ म्हणतात. तुम्ही तीस वर्षे रोज ज्या व्हीटी स्थानकावर उतरलात, त्याच्या टोकदार कमानी आणि भिंतींवरचे दगडी प्राणी ज्या गॉथिक शैलीचे आहेत, तिच्या नावाशी या शब्दाचे नाते आहे. जुने किल्ले आणि पडकी चर्चे यांच्याभोवती ज्या भयकथा रचल्या गेल्या, त्यांना गॉथिक म्हणू लागले आणि तिथून हा शब्द संगीताकडे आला. १९७९ साली नॉर्थहॅम्प्टनच्या बाउहाउस या बँडने काढलेले नऊ मिनिटांहून मोठे गाणे अनेक जण या संगीताचा आरंभ मानतात. पुढे १९८२ साली लंडनच्या सोहो भागात, डीन स्ट्रीटवर, बॅटकेव्ह नावाचा क्लब निघाला. तो काही वर्षांतच बंद पडला, पण तिथला पेहराव जगभर गेला. यात भुताखेतांची उपासना नाही, कोणताही पंथ नाही. दारू मिळते, आणि मी कधी एखादा ग्लास घेते, हे तुमच्यापासून लपवून ठेवण्याची माझी इच्छा नाही. पण रात्रभर नाचायचे असल्यामुळे मी बहुतेक वेळ पाणीच पीत असते.

तुमची भीती निराधार आहे असेही मी म्हणणार नाही. २००७ साली लँकेशायरमधल्या बेकप गावाच्या उद्यानात सोफी लँकेस्टर नावाची वीस वर्षांची मुलगी आणि तिचा मित्र यांना मुलांच्या टोळक्याने मारहाण केली, ती केवळ त्यांच्या अशा वेशभूषेमुळे. मित्र वाचला, सोफी वाचली नाही. तिच्या आईने तिच्या नावाने संस्था काढली, आणि वेगळ्या दिसणाऱ्यांचा द्वेष करू नये हे ती शाळांमधून मुलांना सांगत राहिली. २०१३ पासून ग्रेटर मँचेस्टरच्या पोलिसांनी अशा हल्ल्यांची द्वेषमूलक गुन्हा म्हणून नोंद करायला सुरुवात केली. मला ही गोष्ट कळल्यापासून मी रात्री एकटी निघत नाही. परतीचा रस्ता आधी पाहून ठेवते, आणि क्लबपर्यंत जाताना वर साधा लांब कोट घालते. म्हणून आई, धोका तू समजतेस तसा क्लबच्या आत नाही, तो बाहेरच्या रस्त्यावर आहे, आणि त्या रस्त्यावर माझ्या सोबतीला आलेली माणसे हीच आहेत.

आता लाइपझिगविषयी. तिथे पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीत वेव्ह-गोटिक-ट्रेफेन नावाचा मेळा भरतो. जर्मनी एक झाल्यानंतर दोनच वर्षांनी, १९९२ मध्ये, तो सुरू झाला आणि आता सुमारे वीस हजार लोक येतात. चार दिवस सारे शहर काळे होते. मनगटावर मेळ्याची पट्टी बांधली की त्याच तिकिटात ट्राम आली, आणि ११ क्रमांकाच्या ट्राममध्ये बाजारहाट करून परतणाऱ्या आज्या आणि शिंगांची टोपी घातलेली मुले शेजारी शेजारी बसलेली असतात. बाबा, थोर संगीतकार बाखने जिथे सत्तावीस वर्षे संगीत सांभाळले त्या थॉमस चर्चसमोरूनही ही काळ्या कपड्यांतली माणसे ये-जा करत होती, आणि तुम्ही सोबत असता तर तुम्हाला ते चर्च दाखवायला मला फार आवडले असते.

शुक्रवारी दुपारी क्लारा झेटकिन उद्यानात सहभोजन असते आणि लोक एकोणिसाव्या शतकातले कपडे घालून गवतावर चादरी अंथरून बसतात. माझ्याकडे तसा झगा नव्हता. होती ती आईने मला पहिल्या संक्रांतीला दिलेली काळी चंद्रकळा, लाल काठाची. आपल्याकडे काळा रंग अशुभ म्हणतात, आणि तरी संक्रांतीला तोच नेसतात, मंगळसूत्रातही तेच मणी असतात, हे मला त्या दिवशी साडी नेसता नेसता सुचले. आरशासमोर निऱ्या धरून मी बराच वेळ तशीच उभी राहिले. उद्यानात सत्तरीच्या आसपासचे एक जोडपे आमच्याजवळ बसले होते. आजींनी हातमोजा काढला, परवानगी मागितली आणि काठावरून दोन बोटे फिरवून तो हाताने विणलेला आहे का, असे विचारले. मी आईची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, आम्ही दोघे पूर्व जर्मनीतलेच, बर्लिनची भिंत पडायच्या आधीपासून काळे घालतो, तेव्हा पोलीस थांबवून चौकशी करत. मग त्यांनी मला केकचा तुकडा दिला आणि मी त्यांना तिळगूळ द्यायचा नेम नसतानाही डब्यातली एक वडी दिली.

तेच छायाचित्र तुमच्याकडे आले आहे. माझ्या शेजारी जाळीची टोपी घातलेल्या त्या आजीच आहेत.

पुढच्या महिन्यात मी घरी येते आहे. आई, एक विचारायचे राहिले. गवतावर बसल्यामुळे पदराच्या काठाला हिरवा डाग पडला आहे. इथल्या धुलाईवाल्याकडे साडी द्यायला मन धजत नाही. तू रिठ्याच्या पाण्याने काढतेस तसा तो निघेल का, की तशीच घेऊन येऊ? तोवर मी ती मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवली आहे.

बाबांनी गोळ्या वेळेवर घ्याव्यात.

तुमची लाडकी,
धाकटी