पलूसच्या रस्त्यावर न पळालेल्या ट्रॅक्टरवाल्यास

भावा,

तुझं नाव मी इथं लिहीत नाही. बायकोच्या फोनमध्ये तू अजून 'ट्रॅक्टर' एवढाच आहेस, आणि तो नंबर पाडव्यापासून बंद लागतोय. म्हणून हे पत्र असं उघड्यावर. केज, धारूर, पाटोदा, आष्टी या भागातल्या कुणी वाचलं, आणि गेल्या जानेवारीत पलूस ते तासगाव रस्त्यावर एका मोटरसायकलवाल्याच्या उशाशी बॅटरी धरून बसलेला पोरगा ओळखीचा वाटला, तर त्याला हे वाचून दाखवा.

आभार मानायच्या आधी एक सांगून टाकतो. मला तुझा रागही आहे. तुझ्या मागच्या ट्रॉलीला ना लाल दिवा होता, ना चमकणारी पट्टी. हे मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. पण त्या रात्री माझ्या अंगावर आणि गाडीवर जे काही चुकीचं होतं त्याची यादी तुझ्यापेक्षा मोठी आहे. तीही खाली येईलच.

रात्रीचे साडेआठ झाले असतील. कराडहून कामावरून निघालो होतो. पलूस मागं पडलं, दोन्ही बाजूंना ऊस, रस्ता मोकळा. समोरून एक जीप अप्पर लावून आली. ती बाजूनं गेली आणि डोळ्यांपुढं नुसता काळोख राहिला. त्या काळोखातच तुझी ट्रॉली उभी होती. दोन ट्रॉल्यांतली मागची, चाक फुटलेली, निम्मी डांबरावर. तू खूण म्हणून मागं वाढ्याची, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांची, पेंढी टाकली होतीस, शेजारी दोन दगड. हिरवं वाढं काळ्या डांबरावर रात्री कुणाला दिसणार? मला दिसलं ते उसाचं टोक. तेही हातभर अंतरावर आल्यावर.

त्यानंतरचं मला तुकड्या-तुकड्यानंच आठवतं. तुमच्या टेपवरचं गाणं चालू होतं आणि कुणीतरी ते बंद केलं. मग तुझा आवाज: "साहेब, हालू नका. मी हितंच हाय."

"मी हितंच हाय." हे वाक्य तू किती वेळा म्हणालास ते तुला आठवतंय का? मला वाटतं पन्नास वेळा तरी.

तुला पळता आलं असतं. आजूबाजूला माणसाच्या वर गेलेला ऊस. त्यात शिरलेला माणूस दिवसा सापडत नाही, रात्री कुठला सापडायला! परका जिल्हा, अंगावर उचलीचं ओझं, ट्रॅक्टरचे हप्ते, आणि ट्रॉलीखाली पडलेला इथला माणूस. आपल्याकडं अपघात झाला की गर्दी पहिल्यांदा ज्याची गाडी मोठी त्याला धरते आणि मारते; जखमीकडं नंतर वळते. हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. लोक हल्ली मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे असं सांगतात. ते खरंही आहे. सर्वोच्च न्यायालयानं ३० मार्च २०१६ ला तसा निकाल दिला, मग २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलम आलं. जखमीला मदत करणाऱ्या वाटसरूवर त्याबद्दल खटला नाही, आणि नाव सांगायची सक्तीही नाही. पण भावा, ते संरक्षण वाटसरूला. तू वाटसरू नव्हतास. तुझ्याच ट्रॉलीवर मी आपटलो होतो. तुझ्यासाठी त्या रात्री कुठलंही कलम छत्री धरून उभं नव्हतं. तरी तू थांबलास. मी आभार मानतोय ते मुख्यतः याचे.

गर्दी जमली तेव्हा दोन गोष्टी झाल्या. कुणीतरी तुझी गचांडी धरली, आणि कुणीतरी माझं हेल्मेट ओढायला लागलं. "काढा की ते, श्वास कोंडतोय, पाणी पाजा." तू गचांडी सोडवायच्या भानगडीत पडला नाहीस. तसाच धरलेल्या अवस्थेत ओरडलास, "डाक्टर फोनवर हायेत, ते म्हणतेत हेल्मेट काढू नका, पाणी पाजू नका, मान हालवू नका!" तू १०८ लावला होतास, निघालेल्या गाडीतल्या डॉक्टरांनी तुला फोन केला होता, आणि तो स्पीकरवर ठेवून तू ते सांगतील तसं करत होतास. नुसती काच वर केलीस. दोन्ही बाजूंनी डोकं हातात धरून ठेवलंस. नंतर सांगलीच्या डॉक्टरांनी मला समजावलं, की मानेला मार असेल आणि कुणी घाईनं हेल्मेट हिसकलं, तर चालता माणूस कायमचा झोपू शकतो. आणि पाणी ठसक्यानं फुप्फुसात जातं, शिवाय लगेच भूल द्यायची असेल तर अडचण. माझी मान शाबूत निघाली. ती तशी निघेल हे त्या वेळी रस्त्यावर कुणालाच माहीत नव्हतं.

रुग्णवाहिका यायला वीस-पंचवीस मिनिटं लागली. तेवढा वेळ तू मला झोपू दिलं नाहीस. मुलगी कितवीला, गाव कुठलं, घरचा नंबर सांगा. नंबर मी दोनदा चुकीचा सांगितला, तिसऱ्यांदा बरोबर. मग तू बायकोला फोन लावलास. ती अजून सांगते, की तू पहिलं वाक्य 'ॲक्सिडेंट' असं बोलला नाहीस. "वहिनी, साहेब बोलतायत, घ्या बोला," असं म्हणालास आणि फोन माझ्या कानाला, म्हणजे हेल्मेटच्या फटीला लावलास. हे शहाणपण कुठून आणलंस रे? मी चाळीस वर्षांचा आहे, मला सुचलं नसतं.

आणि त्याच वेळात तू स्वतःहून सांगितलंस ते वाक्य. मी काहीच विचारलं नव्हतं. "ट्रॉलीची वायर आठ दिस झालं तुटलीवती साहेब. उद्या जोडू म्हनलं."

उद्या. दवाखान्यात प्लास्टरमध्ये पडल्या-पडल्या मी या शब्दावर बरंच डोकं चालवलं. आता माझी यादी.

हेल्मेटला काळी काच होती. दिसायला भारी म्हणून घेतलेली. रात्री तीतून निम्मंच दिसतं, हे मला दुकानातच माहीत होतं. साधी काच उद्या बसवू म्हणत पाऊस संपला, दिवाळी गेली. हेडलाइटमध्ये कंपनीचा बल्ब काढून बाजारातला पांढराफटक एलईडी घातला होता. त्या दिव्याची वाटी जुन्या बल्बसाठी बनवलेली, त्यामुळं उजेड नुसता फाकला. समोरच्याचे डोळे दिपत होते, पण रस्ता लांबवर दिसत नव्हता. डावा आरसा नव्हता. आणि वेग साठच्या वर होता. पोलिसांना मी "पन्नास-साठ" सांगितला. इथं खरं लिहितो: साठच्या वर होता.

हात झोळीत असताना मी कागदावर हिशेब मांडला. ताशी साठनं गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते. काहीतरी दिसलं, मेंदूला कळलं, हात ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद धर. म्हणजे पंचवीस मीटर ब्रेक न लागताच गेले. मग कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागला तरी थांबायला आणखी पंचवीस एक. झाले पन्नास. माझ्या त्या फाकलेल्या दिव्यात, काळ्या काचेतून, धड दिसत होतं तीस मीटर. म्हणजे मला दिसण्याच्या आधीच माझा अपघात झालेला होता. तिथं तुझी ट्रॉली नसून म्हैस असती, खड्डा असता, रस्त्यात बसलेला माणूस असता, तरी तेच. हाच हिशेब चाळीसच्या वेगाला सत्तावीस-अठ्ठावीस मीटरवर येतो. घरी पोचायला दहा-बारा मिनिटं जास्त लागली असती, एवढंच.

म्हणून माझ्या चुलत्यानं "त्या पोराकडून पैसे काढू, केस मागं घेतो म्हणू," असं सुचवलं तेव्हा मी नाही म्हणालो. यात मोठेपणा काही नाही. जबाबात मी दोन्ही गोष्टी सांगितल्या: ट्रॉलीला दिवा नव्हता, आणि माझी काच काळी होती. लिहून घेणाऱ्या हवालदारानं पेन थांबवून माझ्याकडं पाहिलं. "तुमची काच कशाला सांगताय?" म्हणाला. तुझ्यावर पुढं काय झालं ते मला नीट कळलेलं नाही. दंड झाला असेल तर तो तुझा होता, असं मी म्हणेन. पण तो भरताना तू एकटा नव्हतास, एवढं तरी तुला कळायला हवं होतं.

मला लोक भेटायला यायचे आणि म्हणायचे, "नशीब!" नशीब म्हणजे काय, ते मी कपाटावर ठेवलंय. हेल्मेट. उजव्या कानाच्या वर ट्रॉलीच्या लोखंडी कडेनं बोटभर खोल चर पडलाय. आतला थर आपल्या गणपतीच्या मखरात पूर्वी असायचा तोच, थर्माकोल, फक्त जास्त घट्ट दाबलेला. त्याचं काम एकदाच: स्वतः चेपायचं आणि धक्का डोक्यापर्यंत पोचेपर्यंत मंद करायचा. एकदा चेपला की परत फुगत नाही, म्हणून आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही चांगलं दिसलं तरी फेकायचं. मी ते फेकलं नाही, पण वापरतही नाही. ते आयएसआयचं होतं हा मात्र योगायोग. त्याच्या आधीचं रस्त्याकडेच्या दोरीवरून घेतलेलं होतं, दोनशे रुपयांचं, पोलिसासाठी. १ जून २०२१ पासून तसली बिनछापाची हेल्मेटं विकायला बंदी आहे. दोरी अजून तिथंच बांधलेली आहे.

आणि पट्टा. त्या दिवशी पट्टा लावलेला होता हा माझा गुण नाही. ऑफिसातून निघताना लेकीचा फोन आला, बोलत-बोलत हात सवयीनं हनुवटीखाली गेला आणि टक आवाज झाला. रोज लावायचो असं नाही. पट्टा नसता तर हेल्मेट माझ्या आधी उडून उसात पडलं असतं, आणि तू कुणाचं डोकं धरून बसणार होतास?

२०२२ सालच्या केंद्र सरकारच्या अहवालात देशभरात रस्त्यावर मेलेल्यांचा आकडा १,६८,४९१ आहे. त्यांतले ५०,०२९ दुचाकीवर बिनहेल्मेट होते. हे आकडे मी आमच्या चौकात पानपट्टीवर सांगून पाहिले. एकजण म्हणाला, "ज्याची भरली तो जातो." दुसरा म्हणाला, "गुडघ्याला बाशिंग ऐकलंवतं, यानं डोक्याला बांधलंय." सगळे हसले, मीही हसलो. हसताना हासळीचं हाड दुखलं. तिथं आता पट्टी आणि स्क्रू आहेत. पूर्वी असं हसणाऱ्यांत मी पुढं असायचो, त्यामुळं मला त्यांना काही बोलता येत नाही. दोघांनी मात्र नंतर हळूच विचारलं, साधी काच कितीला मिळते म्हणून.

तू त्या दिवशी तिसऱ्या खेपेवर होतास, पहाटे चारपासून गाडीवर, आदल्या रात्री कारखान्याच्या वजनकाट्यावर नंबर लागेपर्यंत ट्रॉलीखाली झोपलेला, हे तूच मला सांगितलंस. माझ्या घरात येणाऱ्या साखरेचा रस्ता असा असतो हे मी आधी कधी मनावर घेतलं नव्हतं. कारखाने हंगामाच्या तोंडावर रिफ्लेक्टर लावायचे कार्यक्रम करतात, फोटोही येतात. पण उसाची टोकं मागं हातभर बाहेर आली की ती पट्टी झाकली जाते, आणि जानेवारीपर्यंत धुळीनं ती लाल आहे की काळी तेही कळत नाही. हे कुणीतरी बघायला पाहिजे. तू एकट्यानं बघायचं काम नाही ते. पण वायर, भावा, वायर तुझी होती.

दसरा झाला की तुमच्या टोळ्या निघतील. या वेळी कुठल्या कारखान्याला उतरताय ते माहीत नाही. सांगली, कोल्हापूर, सातारा यांतलं कुठलंही गाव असलं तर मला चालेल, मी येतो. लाल पट्टीची दोन बंडलं आणून ठेवली आहेत. ती ट्रॉलीच्या फळीवर लावून भागणार नाही. एक लांब काठी घेऊ, तिला गुंडाळू आणि उसाच्या टोकांच्याही मागं आडवी बांधू. बॅटऱ्या टाकून चालणारा लुकलुकता लाल दिवाही मिळतो, सायकलवाले लावतात तो. तोही घेतलाय. वायर तुटली तरी चालतो.

आणि तुझी बॅटरी माझ्याकडं आहे. गडबडीत ती माझ्याबरोबर स्ट्रेचरवर आली, तिथून बायकोच्या पिशवीत. पिवळी, बटणावर चिकटपट्टी लावलेली. दर महिन्याला मी ती एकदा लावून बघतो. मागच्या आठवड्यात सेल बदलले.