राइड मोकळ्या हवेत, रांग गुहेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

भाऊबीजेला नेरुळला ताईकडे गेलो होतो आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे रविवारी ७ नोव्हेंबर २०२१ ला, भाच्याच्या हट्टापायी आम्ही सहा जण एका थीम पार्कला जाऊन आलो, त्याबद्दल लिहितोय. पार्कचं नाव लिहीत नाही, माझं म्हणणं एका पार्कपुरतं नाहीये.

आता लगेच कुणीतरी म्हणेल की कोरोनाच्या तिसऱ्या लाटेची चर्चा चालू असताना तिकडे कडमडायला कशाला गेलात. बरोबर आहे. पण भाचा तेव्हा पाचवीत होता, शहरात ४ ऑक्टोबरला शाळा उघडल्या त्या आठवीपासून पुढच्या, म्हणजे याची शाळा तेव्हाही मोबाइलवरच होती, दीड वर्ष पोरगं वन बीएचकेमध्ये होतं आणि फार तर नेरुळच्याच वंडर्स पार्कच्या बाहेरून चक्कर मारून यायचं. आणि आम्ही काही बेफिकीर माणसं नाही. शनिवारी ठाण्याहून जाताना वाशीचं सिडको एक्झिबिशन सेंटर लागलं तेव्हा गाडीत कुणीच काही बोललं नाही, एप्रिलमध्ये आईला तिथल्याच कोविड सेंटरमध्ये ठेवलं होतं, बरी होऊन आली म्हणून आज लिहितोय तरी.

तर गेटवर व्यवस्था चांगली होती, उगाच नावं ठेवणार नाही. मोठ्यांची दोन डोसची सर्टिफिकेटं बघितली, ताप बघायची ती बंदूक कपाळाला लावली (माझा आकडा ९४ आला, म्हणजे मी जवळजवळ गार पडलेलो, पण सोडलं आत), हातावर सॅनिटायझर. मुलांना तेव्हा लसच नव्हती त्यामुळे त्यांना विचारायचं काय, ते तसेच आत. पाण्यातल्या राइड्स बंद, कारण सरकारने २२ ऑक्टोबरपासून परवानगी दिली होती ती फक्त कोरड्या राइड्सना. मला यातलं लॉजिक कळलं नाही, क्लोरीनच्या पाण्यातून हा आजार पसरतो असं काही दिसलेलं नाही, गर्दी होते ती कपडे बदलायच्या खोल्यांत आणि लॉकरपाशी, मग तिथला बंदोबस्त करा ना. पण ते असो.

खरा मुद्दा रांगेचा. रोलर कोस्टरला वीस सीटची गाडी, त्यात सीटची एक ओळ सोडून एक ओळ बसवत होते म्हणजे दहाच माणसं, आणि प्रत्येक फेरीनंतर दोन पोरं फडकं आणि स्प्रे घेऊन सगळे दांडे, पट्टे पुसत होती. मी वागळे इस्टेटला एका कारखान्यात प्रॉडक्शन बघतो, त्यामुळे सायकल टाइम, म्हणजे एका फेरीला लागणारा वेळ, मोजायची सवय आहे, घड्याळ लावून बघितलं तर एका फेरीला सात मिनिटं. राइडवरच्या पोराला विचारलं, तर म्हणाला आधी चार मिनिटांत सुटायची, फुल्ल भरून. म्हणजे पूर्वी तासाला तीनशे माणसं जायची ती आता जेमतेम ऐंशी. आमच्या पुढे मोजून १३० माणसं होती. करा हिशोब, दीड तासाच्या वर.

आणि हा दीड तास उभं कुठे राहायचं, तर गुहेत! थीम पार्क ना, त्यामुळे रांगेच्या वाटेलाही देखावा, वर पत्रा, बाजूला फायबरचे दगड, खिडकी नाही, अख्ख्या बोळात दोन पंखे. जमिनीवर सहा-सहा फुटांवर पिवळे गोल काढलेले, पण मागून माणसं आली की त्या गोलांचं काय होतं ते ठाणे स्टेशनच्या पुलावर रोज जाणाऱ्याला सांगायला नको. अर्ध्या तासाने लोकांचे मास्क हनुवटीवर, पोरं वेफर्स खातायत, एक काका फोनवर जोरजोरात एसटीच्या संपावर भाषण देत होते. नंतर राइड काय, दोन मिनिटांची, उघड्यावर, तोंडावर नुसता वारा, आणि तिथे मात्र मास्क काढू नका म्हणून दटावतात. हा आजार हवेतून पसरतो हे आता जागतिक आरोग्य संघटनाही मान्य करते, मग सीट रिकाम्या सोडून आणि दांडे पुसण्यात वेळ घालवून बंद बोळातली रांग जवळजवळ चौपट करायची याला काय म्हणायचं? आमच्या कारखान्यात असं केलं तर मला दुसऱ्या दिवशी घरी बसवतील.

जपानचं एक आठवलं. २०२० मध्ये तिथल्या पार्कांनी नियम केला होता की राइडवर ओरडायचं नाही, थुंकीचे थेंब उडतात म्हणून, आणि फुजी-क्यू नावाच्या पार्कच्या साहेबांनी स्वतः कोट-टाय घालून रोलर कोस्टरवर गप्प बसून व्हिडिओ केला, मनातल्या मनात ओरडा म्हणे. आमच्या भाच्याला हे सांगितलं तर तो मुद्दाम दुप्पट ओरडला. आणि अगदी आदल्याच रविवारी, ३१ ऑक्टोबरला, शांघायच्या डिस्नेलँडला येऊन गेलेली एक बाई पॉझिटिव्ह निघाली म्हणून गेट बंद करून आतल्या तीस हजारांहून जास्त लोकांची टेस्ट करूनच घरी सोडलं, वर फटाक्यांची आतषबाजी चालू आणि खाली लोक नाकात काडी घालून घ्यायला रांगेत! आपल्याला तेवढं टोक नको.

आपल्याकडे जमण्यासारखं एकच सांगतो, टोकन द्या. ७ ऑक्टोबरला देवळं उघडली तेव्हा सिद्धिविनायकाला क्यूआर कोड घेऊन ठरलेल्या वेळीच दर्शन, हे आपण केलं ना? लस घ्यायलाही स्लॉट घेऊनच गेलो. तसं प्रत्येक मोठ्या राइडचं वेळेचं टोकन फोनवर द्या, तोपर्यंत माणसं झाडाखाली बसतील, खातील-पितील, पार्कचाच धंदा होईल. आणि त्या गुहेच्या दोन बाजूंचे दगड काढा, फायबरचेच आहेत, दोन माणसं उचलतील. सरकारी नियमात गेटवर काय करायचं ते ढीगभर होतं, पण आतल्या छप्पर असलेल्या रांगेत एका वेळी किती माणसं याचा आकडाही त्यात यायला हवा, नाहीतर उद्या केसेस वाढल्या की सरसकट पार्कच बंद करतील.

तो दांडे पुसणारा पोरगा सांगत होता की पार्क बंद असताना तो गावी जाऊन भाजी विकत होता, आत्ता कुठे पंधरा दिवस झाले परत येऊन. भाच्याने नाताळच्या सुट्टीत परत जायचं असं माझ्याकडून कबूल करून घेतलंय. मी म्हटलं टोकन सुरू झालं तर.

आपला,
एक वाचक, वर्तकनगर, ठाणे (प.)