नेमकी कोणती अमेरिका हवी आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हल्ली चार लोक बसले की रस्त्यांचा विषय निघतोच, आणि कोणीतरी म्हणतोच की नागपूर आता अमेरिकेसारखं होऊन राहिलं. म्हणणारे बरेचदा मुलांकडे तिकडे जाऊन आलेले असतात. मीपण जाऊन आले, मुलाच्या नोकरीपायी दोन ठिकाणी राहिले, आणि त्यातली एक अमेरिका आपल्याला मुळीच नको.

ती म्हणजे डॅलसच्या उत्तरेचं फ्रिस्को. आपले लोक तिथे भरपूर. घर मोठं, रस्ते गुळगुळीत, पण मला तिकडची गाडी चालवता येत नाही म्हणून दिवसभर घरातच बसून. आयुष्यभर सायकल, मग लुना, मग स्कूटी चालवलेल्या बाईने दह्यासाठी शनिवारची वाट पाहायची, नाहीतर सुनेला मीटिंगमधून उठवायचं! बरं दुकान फार लांब होतं असंही नाही, पण मधे सहा लेनचा रस्ता, गाड्या ताशी 70 च्या स्पीडने, बटण दाबून सिग्नलची वाट पाहायची, आणि पलीकडे पोचलं तरी दुकानाच्या दारापर्यंत अख्खं पार्किंग तुडवत जायचं, तेही टेक्सासच्या उन्हात. पायी चालणारं दुसरं माणूस दिसलं तर मला बाई हात करावासा वाटायचा.

बस का नाही म्हणून मुलाला विचारलं तर गंमतच कळली. डॅलसला डार्ट नावाची बस आणि ट्रेन आहे, ट्रेन 1996 पासून धावते, जाळं जवळपास दीडशे किलोमीटरचं. पण ज्या गावाला ती हवी त्याने खरेदीवर 1 टक्का सेल्स टॅक्स तिच्यासाठी द्यायचा. टेक्सासमधे स्थानिक सेल्स टॅक्स सगळा मिळून 2 टक्क्यांच्या वर लावताच येत नाही, आणि फ्रिस्कोने त्यातला 1 टक्का कंपन्या, मोठमोठ्या सोयी आणायला लावला, म्हणून डार्ट नाही. म्हणजे पैसा नव्हता असं नाही, तो कुठे घालायचा ते गावाने ठरवलं.

दुकानं अशी लांब का, तेही नियमानेच. घरांच्या भागात दुकान नको हे तिकडे शंभरेक वर्षांपासून चालू आहे, 1926 मधे ओहायोतल्या युक्लिड गावाच्या केसमधे सुप्रीम कोर्टाने त्याला मान्यता दिली. शिवाय दुकान काढायचं तर इतकं इतकं पार्किंग केलंच पाहिजे ही सक्ती. मग सगळं लांब लांब, लांब म्हणून गाडी, गाडी म्हणून अजून पार्किंग. आता त्यांनाच नकोसं झालंय, बफेलो शहराने 2017 मधे आणि टेक्सासमधल्याच ऑस्टिनने 2023 मधे ही सक्ती काढून टाकली.

दुसरी अमेरिका जर्सी सिटी. मुलाने तिथे गेल्यावर गाडी विकूनच टाकली. पाथ ट्रेन रात्रभर चालते, नदीखालून सरळ न्यूयॉर्कात. जर्नल स्क्वेअरजवळच्या नेवार्क अव्हेन्यूवर आपली दुकानं आहेत, मी एकटी जाऊन मेथीची जुडी घेऊन यायची, कोणाला विचारायचं काम नाही. न्यूयॉर्क शहरात तर निम्म्याहून जास्त घरांत गाडीच नाही, आणि ती सगळी काही गरीब घरं नाहीत. सगळं छान आहे असंही नाही म्हणा, तिथला सबवे, म्हणजे जमिनीखालची ट्रेन, 1904 चा, कितीतरी स्टेशनांना लिफ्ट नाही, गुडघेवाल्यांचे हाल. आणि भाडं ऐकलं तर चक्कर येते, कारण गाडीशिवाय जगता येईल अशा जागा त्या एवढ्या मोठ्या देशात मोजक्याच उरल्यात नि सगळ्यांना त्याच हव्यात.

आता आपलं पहा. मेट्रो झाली, 2022 च्या डिसेंबरपासून दोन्ही लाइन पूर्ण चालू आहेत, मी सीताबर्डीला मेट्रोनेच जाते, एसी आहे, मस्त आहे. पण बेसा, बेलतरोडीकडे राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला स्टेशनपर्यंत यायला ऑटोच करावा लागतो, नाहीतर मुलाची गाडी. तिकडे नुसते प्लॉट पाडत चालले, फुटपाथचा पत्ता नाही, आणि कोपऱ्यावरचा किराणावाला, दूधवाला, भाजीचा ठेला हीच आपली श्रीमंती, पण जाहिरातीत काय तर ‘शांत रेसिडेन्शियल टाऊनशिप’! जुन्या महाल-इतवारीत गर्दी आहे, कलकलाट आहे, मान्य, पण ऐंशी वर्षांची आजी एकटी जाऊन कोथिंबीर आणते ना.

आणि ट्राफिक झाला की उड्डाणपूल हे उत्तर ठरलेलंच. ह्यूस्टनचा केटी फ्रीवे 2008 पर्यंत रुंद करून करून काही ठिकाणी सर्व्हिस रोड धरून 26 लेनचा केला, थोड्याच वर्षांत पुन्हा जाम. उलट न्यूयॉर्कने 5 जानेवारी 2025 पासून मॅनहॅटनच्या गर्दीच्या भागात शिरणाऱ्या कारला 9 डॉलर लावले, नि तो पैसा ट्रेन-बसकडे वळवला. आपल्याकडे असं काही म्हणालं तर लोक मारायला धावतील, मला माहीत आहे.

म्हणून मी तेवढं मागतच नाही. मेट्रो स्टेशनवरून नव्या लेआउटपर्यंत दर पंधरा मिनिटांनी एक लहान बस, स्टॉपवर सावली नि टाइमटेबल, आणि वर्धा रोड, रिंग रोड ओलांडताना मधे जीव मुठीत धरून उभं राहावं लागणार नाही एवढा वेळ हिरवा राहणारा पायी माणसांचा सिग्नल. बस मे महिन्याच्या आत सुरू झाली तर फार बरं होईल, पंचेचाळीस डिग्रीत ऑटोची वाट पाहणं आमच्या वयाला आता जमत नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, त्रिमूर्तीनगर, नागपूर