एका कॅसेटबद्दल काकांचे आभार

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

१९८८ सालच्या कार्तिकात, वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या गावच्या जत्रेत, तुमच्या कर्ण्यांच्या वायरी सोडवत बसलेल्या १४ वर्षांच्या मुलाच्या हाती तुम्ही तुमचा टेपरेकॉर्डर आणि ९० मिनिटांची एक कोरी कॅसेट विश्वासाने दिलीत, त्याबद्दल जाहीरपणे आभार मानायचे राहून गेले होते.

पालखीची प्रदक्षिणा आटोपून मध्यरात्री दशावताराचे लोकनाट्य सुरू झाले आणि मी उत्साहाने टेप थेट मृदंगापाशी नेऊन ठेवला. संकासुराचा प्रवेश संपल्यावर आपण तो भाग ऐकला, तेव्हा थापेखाली बोलणे पार बुडाले होते आणि वादन थांबले की जनरेटरची घरघर वर येत होती. मी बटणे चाचपू लागलो. तुम्ही रागावला नाहीत. ते यंत्र आवाजाची पातळी स्वतःच ठरवते, मोठा आवाज आला की सगळेच दाबते आणि शांतता झाली की बारीकसारीकही फुगवते, म्हणून बटण नव्हे, जागा बदलायची, हे समजावून तुम्ही मला हाताला धरून पायपेटी, झांज आणि मृदंगापासून दूर, रंगमंचाच्या दुसऱ्या कडेला नेलेत आणि डोळे मिटून ऐकायला लावलेत. तिथे राजाचा शब्द न् शब्द स्वच्छ येत होता आणि पेटीचा सूर त्याच्या मागे राहून साथ करत होता. माझे आयुष्य त्या जागी ठरले.

दशावतारातले संवाद लिहिलेले नसतात, आख्यान ठरते आणि बोलणे रंगमंचावरच सुचते, त्यामुळे उजाडल्यावर ते कुठेच उरत नाही, हे तुम्ही पहाटे सांगितलेत. मग स्क्रूड्रायव्हरने कॅसेटच्या पाठीवरचे प्लास्टिकचे दोन्ही चौकोनी तुकडे मोडून टाकलेत, म्हणजे तिच्यावर पुन्हा कोणी सिनेमाची गाणी भरणार नाही.

त्यानंतर मी ध्वनिमुद्रणच करत आलो: शिमग्यातले नमन, जाखडी नाच, दोन बुवांमधले भजनाचे डबलबारी सामने. माइक उभा करण्यापूर्वी आजही मी अंगणभर फिरून, डोळे मिटून ऐकतो. आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेने त्या कॅसेटला बुरशी धरली होती; ती साफ करून केलेली प्रत सोबत पाठवत आहे. पहिल्या बाजूला, राजाच्या प्रवेशाच्या जरा आधी, तुमचा खोकला ऐकू येतो. तो मी काढलेला नाही.

आपला कृतज्ञ,
वायरी सोडवणारा मुलगा